हमीदचाचांचं उसनं नाक

आमच्या घरी पितळेची भांडी घासायला काढली की बायको मला स्वयंपाकघरातून हाकलून देते. कारण मी नुसता बघत नाही, बोलतो. चिंच फार वेळ ठेवू नको, पितळ लाल पडेल. दोनदा साध्या पाण्यातून काढ. उन्हात नको, सावलीत वाळव. ‘तुम्हाला हो पितळेतलं काय कळतं?’ असं ती विचारते, आणि प्रश्न रास्त आहे. मला पितळेतलं ओ की ठो कळत नाही. मी जे बोलतो ते सगळं हमीदचाचांचं आहे.

हमीदचाचा आमच्या रायफल क्लबात पुंगळ्या बघायचे. म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मी क्लबचा सेक्रेटरी झालो तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं. काडतूस झाडलं की गोळी पुढे जाते आणि पितळेची रिकामी नळी मागे पडते. ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं पेपरात येतं, तीच ही पुंगळी. ती धड असेल तर धुऊन, मापात आणून, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालून पुन्हा वापरता येते. एकदा नाही, चांगली पाच-सहा वेळा. आमच्या क्लबला तसा रीतसर परवाना होता. लांब पल्ल्याची नवी काडतुसं मागवायची म्हणजे कागदपत्रांत सहा महिने जायचे, त्यामुळे आमचा सगळा सराव ह्या जुन्या पितळेवर चालायचा. दारू भरायचं काम आमचे अध्यक्ष, निवृत्त मेजरसाहेब, आतून कडी लावून स्वतः करत. त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे पुंगळी जमिनीवरून उचलल्यापासून ती पुन्हा भरायच्या लायकीची आहे असं ठरेपर्यंत, हमीदचाचांकडे होतं.

रेंज कुंभिवलीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी. चाचा सकाळी नवाला यायचे. बेताची उंची, रुंद खांदे, अंगात कारखान्याचा जुना खाकी शर्ट. खिशावरचं कंपनीचं नाव त्यांनी नीट उसवून काढलं होतं, पण तेवढा चौकोन बाकीच्या शर्टापेक्षा गडद राहिला होता. रसायनीतल्या कुठल्याशा कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्समध्ये लेथ चालवलं. तिथून निघाले तेव्हा हात शाबूत होते, डोळे शाबूत होते, फक्त नाक तिथेच राहिलं.

“एका दिवसात नाय गेलं सायब,” ते सांगायचे. “हप्त्या-हप्त्यानं गेलं. पयलं अत्तर गेलं. मग चहा गेला. मग एक दिवस सुका बोंबील भाजत होते घरात, आणि मला पत्ता नाय! बोंबील गेला तवा समजलो, आता काय र्‍हायलं नाय.”

त्यांची बायको रुकय्याभाभी ह्या बाबतीत अजिबात हळहळत नसत. एकदा ईदेला मी घरी गेलो होतो. चाचांनी पहिला घास घेऊन ‘मस्त!’ म्हटल्याबरोबर भाभी मला म्हणाल्या, “सायब, ह्यांच्या मस्तवर जाऊ नका. सुकट करपली तरी मस्तच. लोक म्हनतात, हमीदभाई किती चांगला मानूस, बायकोच्या जेवनाला कधी नाव नाय ठेवलं. अवो, मानूस चांगला नाय, नाक नाय!” चाचा खाली मान घालून जेवत राहिले आणि खांदे हलवून हसले.

पण कामात हे नाक अडायचं. पुंगळी वारंवार वापरली की पितळ कडक होतं, ठिसूळ होतं. म्हणून तिच्या मानेला गॅसची ज्योत दाखवून ती मऊ करावी लागते. चाचा त्यासाठी खिडकीला गोणपाट लावून खोली अंधारी करत, म्हणजे पितळेचा रंग पालटताना नेमका दिसतो. बंद खोली, गॅसचा सिलिंडर आणि नाक नसलेला माणूस. चाचांनी त्यावर उपाय काढला होता. लायटर हातात घेऊन ते दारात यायचे आणि जो कोणी समोर असेल त्याचं नाक उसनं घ्यायचे.

“वास?”

एवढा एकच शब्द. आपण आत डोकं घालून हुंगायचं आणि ‘नाही’ म्हणायचं.

“मग पेटवतो,” असं म्हणून चाचा आत जायचे.

हे रोज चाले. पोस्टमन असो, मेजरसाहेब असोत, चौकशीला आलेला हवालदार असो, सगळ्यांनी चाचांना नाक उसनं दिलेलं आहे. सगळ्यात जास्त मी दिलं असेन, आणि त्याची मला मनातून थोडी प्रौढीच वाटायची.

नाक गेलं त्याची भरपाई देवाने बोटांत केली होती. त्यांच्याकडे सायकलच्या चाकाची एक तार होती. टोक घासून अणकुचीदार केलेलं आणि काटकोनात इवलंसं वाकवलेलं. प्रत्येक पुंगळीत ती तार घालून ते आतून बुडापासून वर ओढत आणि डोळे मिटून घेत. पुंगळी जिथे तुटायची असते तिथे आतल्या बाजूला आधी एक बारीक चर पडतो. बाहेरून काही दिसत नाही. तार त्या चरात अडखळली की चाचांची भुवई वर जायची आणि पुंगळी डाव्या हाताच्या डब्यात पडायची. डावा डबा म्हणजे भंगार. तिथे अपील नव्हतं.

मुंबईचे एक गृहस्थ होते, कर्जतच्या बाजूला त्यांचं फार्महाउस. रायफल परदेशी, चष्मा परदेशी, पुंगळ्याही परदेशी. शंभर पुंगळ्यांचा डबा टेबलावर ठेवून म्हणाले, “एकदाच वापरल्यात. नुसत्या धुऊन द्या.” चाचांनी एक उचलली, तार घातली, भुवई वर. दुसरी, भुवई वर. गृहस्थ चिडले. “अहो, तारेने कसलं तपासताय? मशीन आणा एखादं!”

चाचांनी एक पुंगळी वाइसच्या पकडीत धरली, करवतीने उभी चिरली आणि दोन्ही फाका त्यांच्या हातात दिल्या. आतल्या बाजूला, बुडाच्या जरा वर, नखाने ओढावी तशी रेघ गोल फिरली होती. तिथे पितळ पापुद्र्याएवढं उरलं होतं.

“एक येळ नाय सायब, सात-आठ येळ झाडलीय ही. कुनी विकली तुमाला त्याला इचारा. मानूस खोटा बोलंल. पितळ इसरत नाय.”

ते गृहस्थ पुढच्या खेपेला चाचांसाठी खजुराचा डबा घेऊन आले. चाचांनी खाऊन ‘मस्त’ म्हटलं.

ह्या कामामागे त्यांचा एक हिशेब होता आणि तो त्यांनी मला एकदाच सांगितला. मी विचारलं होतं, चाचा, एवढी काळजी कशाला, फार तर नेम चुकेल. ते म्हणाले, “गोळी म्होरं जाते त्याची चिंता नेम धरनाऱ्याची. पुंगळी फुटली का आग मागं येते. गालावर, डोळ्यावर. मागं जे येतं ना सायब, त्याची चिंता माझी.”

आता माझ्या हुशारीची गोष्ट. क्लबात कोणी मोठे पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, टेबलावर चकचकीत पुंगळ्या मांडून ठेवू. काच पुसायचं निळं पाणी मिळतं ते फवारून मी स्वतः वीस पुंगळ्या लख्ख केल्या. चाचा आले, बाटली बघितली, त्यावरची बारीक अक्षरं लांब धरून वाचली. मग वीसच्या वीस पुंगळ्या डाव्या डब्यात टाकल्या.

“अहो चाचा, सोन्यासारख्या झाल्यात!”

“अमोनिया हाय ह्याच्यात,” ते म्हणाले. “कारखान्यात नवा फिटर आला का पयल्या दिवशी आमी त्याला काय शिकवायचो म्हाइती हाय? अमोनियाच्या लायनीला पितळंचा नट लावायचा नाय. लावला तर आज काय नाय होत. उद्या बी नाय. एक दिवस आपोआप तडकतो. पितळंला अमोनिया म्हंजे वाळवी.”

मी ओशाळलो, बाटली फेकून दिली, आणि विसरलोही. हे विसरणं मला पुढे फार महाग पडलं. म्हणजे मला नाही, दुसऱ्यांना.

त्या वर्षी जून लागायच्या आत सामानाच्या खोलीचं छप्पर उडालं. पुंगळ्या ओल्या होऊ नयेत म्हणून मी त्या कुंपणाला लागून असलेल्या मागच्या खोलीत हलवल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेल्या बरोबर चौदाशे पुंगळ्या, चाचांनी धुऊन, मापात आणून, तार फिरवून पास केलेल्या. खोली कोरडी होती, एक झरोका होता, मी स्वतःवर खूश झालो. महिनाभराने कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याने तिथे कोंबड्यांची शेड घातली. पावसाळाभर त्या कोंबड्यांचा वास यायचा. सुरुवातीला मी नाकाला रुमाल लावायचो. मग सवय झाली. चाचांनी त्याच खोलीत गॅसही लावला होता, आणि रोज सकाळी लायटर हातात घेऊन ते दारात यायचे.

“वास?”

“नाही चाचा.”

“मग पेटवतो.”

ते गॅसचं विचारत होते आणि गॅसचा वास नव्हता. मी खरंच सांगत होतो.

दसऱ्यानंतर राज्याच्या संघाची निवड होती आणि आमच्या क्लबातून एकटी दीपाली जाणार होती. दीपाली कुंभिवलीच्याच शाळेत खेळाची शिक्षिका, वय बत्तीस. स्वतःची रायफल नाही. क्लबच्या रायफलीवर तीन वर्षं, शाळा सुटली की येऊन पालथी पडून राहायची. बोलणं कमी, जिद्द भयंकर. निवडीला नऊ दिवस राहिले तेव्हा चाचांनी तिच्यासाठी पहिलं खोकं उघडलं.

दुपारी बघतो तर ते खोक्यापुढे बसून होते. समोर कागदावर सहा पुंगळ्या. प्रत्येकीच्या तोंडापासून खाली केसासारखी चीर गेलेली.

“माझंच चुकलं आसंल,” ते म्हणाले. “ज्योत जास्ती लागली आसंल.”

दोन दिवस ते तेवढंच म्हणत राहिले. ज्योत तपासली, स्वतःचे डोळे तपासून आले, एकेक पुंगळी उजेडात धरून फिरवली. त्यांचा असा पडलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी हिराबाई आत आली. हिराबाई वरच्या ठाकरवाडीतली. गोळीबार थांबला की गवतात पडलेल्या पुंगळ्या वेचायचं काम तिचं. गवतात हरवलेली पुंगळी तिला अनवाणी पायाने सापडायची. ती टोपली ठेवून पदराने नाक पुसत म्हणाली, “ह्या खोक्याना बी कोंबड्यांचा वास लागला. डोल्यात पानी येतं नुसतं.”

चाचांनी मान वर केली.

“कसला वास?”

“कोंबड्यांच्या घानीचा. झोंबतो नाय का नाकात? मुताडीसारका.”

“कवापासून?”

“पानी लागला तवापासून रोजच हाय.”

“मग बोलली का नाय गं बाय?”

हिराबाईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “तुमी ग्यासचा इचारता चाचा. ग्यासचा नवता.”

चाचा उठून झरोक्यापाशी गेले. पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या. त्यांनी झरोक्याला तोंड लावलं आणि छाती भरून श्वास ओढला, एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी ठसका लागला. वास मात्र आला नाही. मला त्या क्षणी निळी बाटली आठवली. कोंबड्यांच्या घाणीतून निघतो तोही अमोनियाच. ज्याला कळत होतं त्याला वास येत नव्हता, आणि ज्याला वास येत होता त्या माझ्यासारख्या शहाण्याला काही कळत नव्हतं.

“चाचा, चूक माझी आहे,” मी म्हटलं. “मला रोज येत होता.”

“नाय सायब. तुमी खरं बोललात. माझ्याच सवालात खोट होती.”

त्या संध्याकाळी मेजरसाहेब आले, दीपाली आली. मेजरसाहेबांचं म्हणणं साधं होतं. तडकलेल्या बाजूला काढा, चांगल्या वापरा. चौदाशेतून दीडशे तरी निघतील. चाचा म्हणाले, तडकलेल्या दिसतात, तडकायला आलेल्या दिसत नाहीत. तारेला चर कळतो, हे तारेलाही कळत नाही. चीर तोंडाला असली तर एक वेळ निभावेल, बुडाकडे असली तर?

“चाचा, सहा दिवस राहिलेत,” दीपाली म्हणाली. “मला शंभर द्या फक्त. माझ्या जबाबदारीवर. चष्मा असतो माझ्या डोळ्यांना.”

“गालाला कुठं चष्मा आसतो गं?”

“तीन वर्षं चाचा! तीन वर्षं मी ह्या मातीत पोटावर झोपलेय. पुढच्या वर्षी शाळा सोडेल का मला? तुम्हाला ठाऊक आहे सगळं.”

“ठाव हाय पोरी.”

“मग?”

चाचांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विरघळतील. त्यांची स्वतःची मुलगी असती तर तिच्याशी ते ह्याहून मायेने बोलले नसते, इतक्या हळू आवाजात म्हणाले, “नाय देनार.”

दीपालीने पुढची पाच मिनिटं त्यांना जे काही सुनावलं ते मी लिहीत नाही. नाक नाही म्हणून तुमच्या हातून घाण झाली आणि शिक्षा मला, असा त्याचा मथितार्थ. चाचांनी ऐकून घेतलं. मेजरसाहेब मध्ये पडले तर त्यांनाच हाताने थांबवलं. दीपाली मागच्या खोलीत ठेवलेलं आपलं सामान घ्यायला गेली आणि तशीच स्कूटर काढून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी ऐरण मांडली. एक पुंगळी ठेवायची, हातोडा मारायचा, चपटी झाली की हिराबाईकडे द्यायची. त्यांनीच घडवलेल्या पुंगळ्या होत्या. चिंचेच्या पाण्यात धुतलेल्या, राइस मिलमधून आणलेल्या तुसात घोळवून पुसलेल्या. मेजरसाहेब बाहेर येरझाऱ्या घालत होते, मी उगाच कागद चाळत होतो. दोन दिवस तो ठोका चालू होता आणि प्रत्येक ठोका माझ्या नावाचा आहे असं मला वाटत होतं. दोन्ही दिवस चाचांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

हिराबाई विसांत मोजते. वीस झाल्या की एक खडा बाजूला. चौदाशे म्हणजे सत्तर विसा. शेवटची पुंगळी पोत्यात टाकून तिने खडे मोजले आणि म्हणाली, “चाचा, येका ईसाला पाच कमी हायत.”

पोतं उपसून पुन्हा मोजलं. पाच कमीच. चाचांनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, जिथून दीपाली सामान घेऊन गेली होती.

सेक्रेटरी म्हणून मी हे वर कळवायला हवं होतं. चाचांनी हात जोडले. “नका सायब. पोरीची नोकरी जाईल.” मी नोंदवहीत ‘पाच गहाळ, जबाबदारी माझी’ असं लिहिलं, आणि पुढे तपासणीला आलेल्या साहेबांची बोलणी खाल्ली. त्याचं मला काही वाटलं नाही. निदान तेवढं तरी माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

दीपाली निवडीला गेली नाही. क्लबातही आली नाही. पनवेलच्या बाजूला कुठल्या तरी दुसऱ्या क्लबात जाते असं कानावर आलं आणि चाचांची झोप उडाली. ती त्या पाच पुंगळ्या तिथे भरून घेईल आणि एके दिवशी रायफलला गाल लावून चाप ओढेल, हे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. फोन केले, तिने उचलले नाहीत. तीनदा तिच्या घरी जाऊन आले. तिन्ही वेळा तिच्या आईने चहा दिला, आणि तिन्ही वेळा दीपाली आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. चाचा चहा पिऊन बंद दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “मारू नको गं त्या. रागाव माझ्यावर, पण मारू नको,” आणि परत यायचे.

दर सोमवारी मला विचारायचे, “काय खबर, सायब?” मी म्हणायचो, काही नाही. ते म्हणायचे, “पाच भाईर हायत.” भाभी सांगायच्या, रात्रीचे उठून बसतात आणि बोटांवर पाच मोजतात. नवी पुंगळी आली, नवी खोली झाली, कोंबड्यांपासून लांब. चाचा काम करत होते, पण तार फिरवताना डोळे मिटत नव्हते. ह्याला अकरा महिने झाले.

गौरी-गणपती नुकते झाले होते. सकाळी चाचा लायटर घेऊन दारात आले आणि फाटकातून दीपालीची स्कूटर आत आली. ती सरळ त्यांच्यासमोर आली, पर्समधून रुमाल काढला आणि टेबलावर उघडला. आत पाच पुंगळ्या. दोन तोंडापासून पार खालपर्यंत उभ्या फाटलेल्या.

“शोकेसमध्ये ठेवल्या होत्या,” ती म्हणाली. “रोज बघायचे आणि मनात तुम्हाला म्हणायचे, बघा, काय झालंय ह्यांना? दोनदा भरून घ्यायला म्हणून पर्समध्ये टाकल्या. दोनदा शाळेत काम निघालं म्हणून राहिल्या. परवा गौरीची आवराआवर करताना कपाट उघडलं तर…” तिने एक फाटलेली पुंगळी त्यांच्यापुढे सरकवली. “कोणी हात लावला नव्हता चाचा. आपोआप.”

चाचांनी ‘मी सांगत नव्हतो?’ असं म्हटलं नाही. आमच्यातल्या कोणीही म्हटलं असतं, मी तर नक्कीच. त्यांनी विचारलं, “आनि ह्या तीन?”

“त्या चांगल्या आहेत.”

“चांगल्या दिसतात.”

त्यांनी ऐरण ओढली, पाचही पुंगळ्या एकेक करून तिच्यावर ठेवल्या आणि हातोडा दीपालीच्या हातात दिला. तिने मारला. रडत होती आणि मारत होती, त्यामुळे एक ठोका चुकून ऐरणीवरच बसला. पाचवी चपटी झाली तसं चाचांनी अंगणात हाक घातली, “हिराबाई! सत्तर ईसा झाल्या गं!”

मग ते स्टुलावर बसले, पाठ भिंतीला टेकवली, आणि बोलता बोलता झोपले. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. दुपारी दोनला उठले तेव्हा दीपाली शाळा बुडवून तिथेच बसून होती. त्यांनी तार तिच्यापुढे धरली.

दीपालीची पुढे निवड झाली का, असं लोक विचारतात. नाही झाली. पण तेव्हापासून पुंगळ्या तीही बघू लागली, आणि तार अडखळली की तिचीही भुवई वर जाते.

आणखी एक गोष्ट बदलली. चाचा दारात येऊन ‘वास?’ म्हणाले की आता कोणी नुसतं ‘नाही’ म्हणत नसे. पूर्ण यादी द्यायची. “गॅस नाय. हिराबाईच्या तंबाखूचा हाय. मेजरसाहेबांच्या शेव्हिंग क्रीमचा आहे. कुठेतरी कचरा पेटवलाय.” चाचा मान हलवत सगळं ऐकून घ्यायचे. मला वाटतं, त्यांना त्यात मजा यायला लागली होती. रविवारी मुद्दाम दोनदा विचारायचे.

गेल्या हिवाळ्यात चाचांची छाती भरली. कारखान्याने नाक ठेवून घेतलं होतं, त्याच्याखालचं सामानही थोडं थोडं नेलं होतं, ते आता कळलं. मी आणि दीपाली त्यांना शेवटचे भेटलो त्यानंतर आठ दिवसांत ते गेले. त्या दुपारी ते ओटीवर खाटेवर टेकून बसले होते. खाकी शर्ट अंगाला सैल झाला होता. खिशावरचा गडद चौकोन तसाच. बोलणं दमवत होतं म्हणून आम्हीच बोलत होतो. निघायला उठलो तर त्यांनी हात जरासा वर केला.

“वास?”

दीपालीला हुंदका आला, म्हणून मी पुढे झालो. आयुष्यात मी एवढं मन लावून कधी हुंगलं नव्हतं. “भाभींनी कांदा परतायला टाकलाय,” मी म्हणालो. “खोबरं भाजलंय. तुमच्या गोधडीला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. परड्यात कोणीतरी लिंबाची फांदी मोडलीय. औषधाचा आहे, ते खोकल्याचं. शेजारी सुका बोंबील भाजतायत.”

“बोंबील?” चाचांचे डोळे लकाकले. “आनि अमोनिया?”

“नाही चाचा.”

“नीट बघा सायब.”

मी डोळे मिटले आणि पुन्हा छाती भरून श्वास घेतला.

“नाही.”

त्यांचा अंगठा गोधडीवर लायटर दाबल्यासारखा हलला.

“मग पेटवतो,” चाचा म्हणाले.